ओळख पटण्याचा इतिहास : खोपोली ते खारघर

खालापूर तालुक्यात, विशेषतः खोपोलीच्या आसपास, 'टाटा' हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. पहिला अर्थ घाटाच्या पायथ्याशी असलेल्या वीजकेंद्राचा. डोंगरावरून उतरणारे त्याचे जाडजूड नळ खोपोली लोकलमधून उतरणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेस पडतात. दुसरा अर्थ मात्र आवाज खाली आणून उच्चारला जातो. "त्यांना टाटाला नेलंय," एवढेच सांगितले जाते आणि ऐकणारा पुढे काही विचारत नाही. रोगाचे नाव घ्यावे लागत नाही. कर्जत काय, खालापूर काय, या पट्ट्यातल्या गावांत परळच्या रुग्णालयाचे नावच रोगाच्या नावाच्या जागी येऊन बसले आहे.

बी. ए.च्या वर्गात शब्दशक्ती शिकवताना लक्षणेचे उदाहरण म्हणून मी हे वाक्य एकदा सांगितले. तास संपल्यावर एक विद्यार्थिनी थांबली. तिच्या मामांना रक्ताचा कर्करोग झाला होता. ती म्हणाली, "सर, सगळे म्हणतात त्यांची प्रतिकारशक्ती कमी पडली. पण मामा तर आयुष्यभर भातशेतीत राबलेले. तापानेसुद्धा कधी अंथरूण धरलं नाही त्यांनी. मग त्यांची शक्ती कमी कुठे पडली?" मराठीच्या अध्यापकाला या प्रश्नाचे उत्तर देता येण्याचे कारण नव्हते. पण प्रश्न एका शब्दाविषयीही होता आणि शब्दाविषयीच्या प्रश्नातून आपली सुटका नसते. पुढले काही महिने जे वाचले, त्यातून हा लेख झाला आहे.

'रोगप्रतिकारशक्ती' हा आपला रूढ शब्द. तो चुकीचा नाही, पण त्यातल्या 'शक्ती'ने आपल्या मनात एक चित्र पक्के केले आहे. शक्ती म्हणजे मोजता येणारी, कमी-जास्त होणारी, काढा पिऊन वाढवता येणारी गोष्ट. करोनाच्या साथीत तर 'इम्युनिटी वाढवा' हा मंत्रच झाला होता आणि हळदीच्या दुधापासून च्यवनप्राशापर्यंत सगळे त्या एका शब्दावर विकले गेले. गेल्या सव्वाशे वर्षांचा कर्करोग-संशोधनाचा इतिहास मात्र निराळी गोष्ट सांगतो. शरीराच्या रक्षक पेशींत बळ पुष्कळ असते. कर्करोगासमोर त्या हरतात त्याचे एक मोठे कारण असे, की समोरचा शत्रू आहे हे त्यांना ओळखू येत नाही. हा इतिहास मुख्यतः ओळख पटवून देण्याच्या प्रयत्नांचा आहे. त्याचा एक महत्त्वाचा अध्याय आपल्याच रायगड जिल्ह्यात, खारघरला लिहिला गेला, ही गोष्ट कर्जत-खालापूरच्या फार थोड्या लोकांना ठाऊक असेल.

सुरुवात लसीपासून करावी लागेल, कारण ओळख शिकवण्याची पहिली यशस्वी युक्ती तीच. एडवर्ड जेन्नरने १७९६ मध्ये गाईच्या देवीचा द्रव टोचून माणसाला देवीपासून वाचवता येते हे दाखवले आणि १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला हिंदुस्थानातील पहिली लस टोचण्यात आली. मराठीत त्यासाठी 'देवी काढणे' हा शब्दप्रयोग रुळला. पुढे १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि वाल्देमार हाफकिन या शास्त्रज्ञाने ग्रँट मेडिकल कॉलेजातील तोकड्या जागेत प्लेगची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी त्याने ती सर्वप्रथम स्वतःला टोचून घेतली. दोन वर्षांनी ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाऊसमध्ये गेली. तीच पुढे हाफकिन संस्था झाली.

लस शरीराला नवी ताकद देत नाही. ती मेलेला किंवा दुबळा केलेला जंतू दाखवून ठेवते आणि 'हा परत आला तर याला ओळखा' असे बजावते. जंतू मुळातच परका असल्याने ही ओळख पटवणे तुलनेने सोपे. कर्करोगाचे तसे नाही. कर्करोगाची पेशी बाहेरून येत नाही. ती आपल्याच पेशीची बिघडलेली आवृत्ती असते. तिचे रूप, तिच्या पृष्ठभागावरची प्रथिने, सारे जवळजवळ घरच्यासारखेच. शिवाय ती रक्षक पेशींना शांत करणारे संकेतही पाठवते. पहारेकरी घरच्या माणसाला अडवत नाही, तसेच हे. विद्यार्थिनीच्या मामांचे शरीर दुबळे नव्हते. त्यातले पहारेकरी फसले होते.

तरीही कधीकधी पहारेकरी जागे होतात, याचा पुरावा जुना आहे. न्यूयॉर्कचा शल्यविशारद विल्यम कोली याला जुन्या नोंदी चाळताना एक रुग्ण सापडला. त्याच्या मानेवरची असाध्य गाठ विसर्प नावाच्या त्वचेच्या जंतुसंसर्गानंतर विरघळून गेली होती. कोलीने १८९१ पासून कर्करोगाच्या रुग्णांना मुद्दाम जंतू आणि नंतर जंतूंची विषे टोचायला सुरुवात केली. काहींच्या गाठी वितळल्या, काही रुग्ण त्या उपचारानेच दगावले, आणि असे का होते हे कोलीला शेवटपर्यंत सांगता आले नाही. क्ष-किरणांचा उपचार आल्यावर त्याची पद्धत मागे पडली. जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिखने १९०९ मध्ये असे मत मांडले, की शरीरात बिघडलेल्या पेशी वारंवार निर्माण होत असाव्यात आणि आपली संरक्षणव्यवस्था त्यांना वेळीच टिपत असावी. पुढे मॅकफार्लेन बर्नेट याने याच कल्पनेला सिद्धान्ताचे रूप दिले. पण टिपणारे नेमके कोण, हे कळायला १९६१ साल उजाडावे लागले. त्या वर्षी जॅक मिलर या तरुण संशोधकाने छातीच्या हाडामागील थायमस ही निरुपयोगी समजली गेलेली ग्रंथी प्रतिकारव्यवस्थेच्या मुळाशी असल्याचे दाखवून दिले. या ग्रंथीत तयार होणाऱ्या पेशींना तिच्या आद्याक्षरावरून टी पेशी म्हणतात. थायमस ही त्यांची शाळाच. आपल्या माणसावर हात उगारायचा नाही, हा धडा त्या तिथे शिकतात आणि ज्यांना तो जमत नाही त्या तिथेच नष्ट केल्या जातात. कर्करोग या चांगल्या शिकवणुकीचाच गैरफायदा घेतो.

आता खोपोलीच्या त्या दोन अर्थांकडे परत येऊ, कारण ते एकमेकांशी जोडलेले आहेत. लोणावळा, वळवण आणि शिरवटा येथील तलावांचे पाणी डोंगरावरून खाली आणून वीज करावी, ही जमशेटजी टाटांची कल्पना. ती प्रत्यक्षात आली त्यांच्या निधनानंतर, त्यांचे थोरले चिरंजीव दोराबजी यांच्या काळात. १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईच्या कापडगिरण्यांकडे वाहू लागली आणि वापरून झालेले पाणी पाताळगंगेला मिळाले. या विकासाला दुसरी बाजूही होती. अशाच पुढच्या प्रकल्पासाठी जमिनी गमावणाऱ्या मुळशीच्या शेतकऱ्यांना १९२१ मध्ये सत्याग्रह करावा लागला, हे मराठी वाचकाला सांगायला नको. तो इतिहास विसरून टाटांचे गुणगान करण्याचा येथे हेतू नाही. पण सह्याद्रीच्या पाण्यावर उभ्या राहिलेल्या संपत्तीचा एक ओघ पुढे परळला कसा पोचला, हे पाहण्यासारखे आहे.

दोराबजींच्या पत्नी लेडी मेहेरबाई यांना रक्ताचा कर्करोग झाला आणि १९३१ मध्ये वेल्समधील एका आरोग्यधामात त्यांचे निधन झाले. त्या काळी जगात कुठेही, कितीही पैसा ओतला तरी, या रोगावर उपाय नव्हता. दोराबजीही पुढच्याच वर्षी वारले. त्यांनी आपली जवळपास सर्व संपत्ती विश्वस्त निधीला दिली होती आणि मेहेरबाईंच्या नावाने रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनासाठी १९३२ मध्ये स्वतंत्र निधी उभा राहिला. दोराबजींच्या विश्वस्त निधीतून परळला टाटा मेमोरियल रुग्णालय बांधण्यात आले. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ते उघडले. हाफकिन संस्थेपासून ते फार दूर नाही. लसीची प्रयोगशाळा आणि कर्करोगाचे रुग्णालय असे एकाच परळात शेजारी आले. या दोन शास्त्रांची खरी गाठ मात्र पुढे ऐंशी वर्षांनी पडायची होती.

रुग्णालयाच्या विकृतिशास्त्र प्रयोगशाळेची सूत्रे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. भारतीय विकृतिशास्त्राचे जनक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. तंबाखू आणि मुखकर्करोग, तसेच निरनिराळ्या समाजांच्या सवयी आणि त्यांना होणारे निरनिराळे कर्करोग यांचा संबंध त्यांनी चिकाटीने तपासला. १९५२ मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले, तेव्हा त्याचे पहिले संचालकपद त्यांच्याकडेच आले. त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. कमल रणदिवे या प्रस्तुत इतिहासातल्या एका महत्त्वाच्या दुव्याच्या धनी आहेत. ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात जन्म, हुजूरपागा आणि फर्ग्युसनमध्ये शिक्षण, १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट, आणि नंतर अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत अनुभव. हे तेच गाय, ज्यांनी १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गाठीतील पेशी काचेच्या नळीत अखंड वाढवून दाखवल्या. त्यासाठी त्या स्त्रीला विचारण्याची गरज मात्र कुणाला वाटली नव्हती. रणदिवेबाई भारतात परतल्या आणि त्यांनी मुंबईच्या संशोधन केंद्रात देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. ऊतिसंवर्धन म्हणजे पेशी शरीराबाहेर काढून, पोषक द्रवात ठेवून, जिवंत राखणे आणि वाढवणे. तेव्हा ही विद्या केवळ रोग समजून घेण्यासाठी होती. पण माणसाच्या पेशी बाहेर काढून त्यांना काही शिकवायचे आणि परत पाठवायचे, हे पुढचे स्वप्न या विद्येवाचून पाहताच आले नसते. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. निवृत्तीनंतर त्या अकोले तालुक्यातील आदिवासी मुलांच्या पोषणाच्या कामात उतरल्या, हेही नोंदवून ठेवले पाहिजे. प्रयोगशाळेतून आदिवासी पाड्याकडे जाणारी त्यांची ही वाट या लेखाच्या शेवटी पुन्हा आठवेल.

टी पेशींना शिकवण्याची कल्पना मूर्त झाली ती इस्रायलच्या वाइझमन संस्थेत. झेलिग एशहार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये दोन वेगळ्या गोष्टींचा सांधा जुळवला. आपल्या शरीरात प्रतिपिंडे असतात. त्यांना लक्ष्य अचूक ओळखता येते, पण पेशीला थेट ठार करण्याचे यंत्र त्यांच्याकडे नसते. टी पेशींकडे ते यंत्र असते, पण कर्करोगाची ओळख नसते. एशहार यांनी प्रतिपिंडाचा ओळखणारा भाग आणि टी पेशीचा चेतवणारा भाग एकत्र जोडून एक संकरित ग्राहक तयार केला. या ग्राहकाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरूनच या उपचाराला कार-टी हे नाव मिळाले आहे. त्याचा आपल्या रस्त्यावरच्या कारशी काही संबंध नाही.

आज हा उपचार करतात तो असा. रुग्णाचे रक्त यंत्रातून फिरवून त्यातील टी पेशी वेगळ्या काढतात. प्रयोगशाळेत त्या पेशींमध्ये नव्या ग्राहकाचे जनुक सोडतात आणि हे जनुक वाहून नेण्याचे काम निकामी केलेल्या विषाणूकडे असते. बहुधा हा वाहक एड्सच्या विषाणूपासून, त्याची रोग पसरवण्याची क्षमता काढून टाकून, बनवलेला असतो. जनुक बसले की पेशीच्या पृष्ठभागावर नवा ग्राहक उगवतो. या शिकवलेल्या पेशींची संख्या कोट्यवधींपर्यंत वाढवतात आणि सलाईनमधून रुग्णाला परत देतात. रक्ताच्या कर्करोगात लक्ष्य असते सीडी-१९ नावाचे प्रथिन. ते बी पेशी या जातीच्या पांढऱ्या पेशींवर असते, रोगट पेशींवर आणि निरोगी पेशींवरही. शिकवलेल्या टी पेशी दोन्हींना मारतात. निरोगी बी पेशी गेल्या तरी बाहेरून प्रतिपिंडे देऊन माणूस जगवता येतो. म्हणूनच या रोगात ही युक्ती चालते.

२०१२ च्या एप्रिलमध्ये फिलाडेल्फियात कार्ल जून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमिली व्हाइटहेड या सहा वर्षांच्या मुलीवर हा उपचार केला. बालकांमधील या रोगावरचा तो पहिला प्रयोग. शिकवलेल्या पेशींनी हल्ला चढवताच तिच्या शरीरात संकेतद्रव्यांचे वादळ उठले आणि ती मरणाच्या दारात पोचली. तपासणीत एक विशिष्ट संकेतद्रव्य बेसुमार वाढलेले आढळले. त्याला अडवणारे संधिवाताचे एक औषध बाजारात होते. जून यांना ते ठाऊक असण्याचे कारण म्हणजे त्यांच्या स्वतःच्या मुलीला असलेला संधिवात. औषध दिले, मुलगी शुद्धीवर आली आणि तिचा कर्करोग नाहीसा झाला. 'शक्ती वाढवा' म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा. तिथे वाढलेली शक्तीच तिचा जीव घ्यायला निघाली होती. ३० ऑगस्ट २०१७ रोजी अमेरिकेने या उपचाराला मान्यता दिली आणि त्याची किंमत जाहीर झाली : ४ लाख ७५ हजार डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे ३ कोटी रुपये.

या आकड्यापाशी भारताची गोष्ट सुरू होते. परळची संशोधन शाखा २००२ पासून खारघरला हलली होती आणि तिथे कर्करोगावरील उपचार, संशोधन व शिक्षणाचे प्रगत केंद्र उभे राहिले होते. खारघर सिडकोच्या नव्या मुंबईत मोडते खरे, पण तालुका पनवेल आणि जिल्हा रायगडच. दुसरीकडे पवईच्या आयआयटीमध्ये डॉ. राहुल पुरवार २०१३ मध्ये हार्वर्डहून परतून रुजू झाले. तयार पेशी परदेशातून आणणे परवडणारे नाही, तेव्हा ग्राहकाचे जनुक, वाहक विषाणू आणि पेशी वाढवण्याची प्रक्रिया हे सारे इथेच घडवायचे, असे त्यांनी आणि अलका द्विवेदी, अथर्व कारुळकर यांसारख्या तरुण सहकाऱ्यांनी ठरवले. मूळच्या उपचारात ओळखणारा भाग उंदराच्या प्रतिपिंडापासून घेतलेला होता. या चमूने तो मानवी रूपाच्या जवळ नेला. टाटा मेमोरियलचे बालकर्करोगतज्ज्ञ डॉ. गौरव नरुला आणि डॉ. हसमुख जैन यांनी रुग्णांवरील चाचण्यांची बाजू सांभाळली. ४ जून २०२१ रोजी, करोनाची दुसरी लाट ओसरत असताना, खारघरच्या अस्थिमज्जा प्रत्यारोपण विभागात देशातील पहिला कार-टी उपचार झाला. मेहेरबाईंच्या मृत्यूला तेव्हा ९० वर्षे झाली होती.

ऑक्टोबर २०२३ मध्ये नेक्सकार-१९ या नावाने त्याला केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. बी पेशींच्या कर्करोगावर इतर उपचार थकले आहेत, अशा १५ वर्षे व त्यावरील वयाच्या रुग्णांसाठी ही मान्यता होती. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी पवईत त्याचे लोकार्पण केले. मार्च २०२५ मध्ये 'लॅन्सेट'च्या रक्तविकारविषयक नियतकालिकात चाचण्यांचे निष्कर्ष आले. ६४ रुग्णांवर चाचणी झाली होती आणि ज्यांचे मूल्यमापन करता आले त्यांपैकी सुमारे ७३ टक्के रुग्णांनी उपचाराला प्रतिसाद दिला. उपचाराशी संबंधित दोन मृत्यूही त्यात प्रामाणिकपणे नोंदवलेले आहेत. प्रतिसाद म्हणजे कायमची सुटका नव्हे, काहींचा रोग परततो. तरीही ज्यांना 'आता घरी न्या' असे सांगण्याची वेळ आली होती, त्यांच्या बाबतीत हा आकडा लहान नाही. किंमत परदेशी उपचाराच्या साधारण दहाव्या हिश्शावर आली. वृत्तपत्रांत ती ३० ते ४० लाख रुपये अशी सांगितली गेली.

इथे टाळ्या वाजवून थांबता आले असते. पण इतिहास लिहिताना आपल्या गावाकडे पाठ करता येत नाही. कर्जत-खालापूरच्या वाड्या-पाड्यांतून 'टाटाला' जाणारे सगळेच रक्ताच्या कर्करोगाचे रुग्ण नसतात. तोंड, स्तन, गर्भाशयमुख यांच्या गाठी घेऊन जाणारी माणसे कितीतरी असतात. गुटख्यावर राज्याने २०१२ मध्ये बंदी घातली, पण पुडी मिळतेच आणि मशेरी तर घरातच भाजली जाते. गाठींच्या या कर्करोगांवर शिकवलेल्या पेशी अजून फारशा चाललेल्या नाहीत. कारण पुन्हा ओळखीचेच आहे. केवळ रोगट पेशींवर असेल आणि निरोगी अवयवावर नसेल, असे प्रथिन सापडत नाही.

गाठीचा कर्करोग बहुधा मारतो तो मूळ जागी राहून नव्हे, तर पसरून. स्टीफन पॅजेट या इंग्रज शल्यविशारदाने १८८९ मध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या ७३५ मृत रुग्णांच्या नोंदी तपासून म्हटले, की रोगाचे बी सगळीकडे उडते, पण अनुकूल जमिनीतच रुजते. कर्जतच्या भात संशोधन केंद्राचे बियाणे वापरणाऱ्या शेतकऱ्याला ही उपमा समजावून सांगावी लागणार नाही. एकच वाण खलाटीत तरारतो आणि वरकस जमिनीत रोडावतो. या पसरण्याला हातभार लावणाऱ्या प्रथिनांना लक्ष्य करावे, असे प्रयत्न जगभर चालू आहेत. हर-टू हे त्यांतले एक प्रथिन. स्तनाच्या काही आक्रमक कर्करोगांत ते भरमसाट वाढते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका नोंदीनुसार अमेरिकेत आतड्याचा कर्करोग यकृत-फुप्फुसांत पसरलेल्या एका रुग्णेला हर-टू ओळखणाऱ्या टी पेशी देण्यात आल्या. काही मिनिटांतच तिचा श्वास कोंडला आणि पाच दिवसांनी ती गेली. तेच प्रथिन तिच्या फुप्फुसाच्या निरोगी पेशींवरही अत्यल्प प्रमाणात होते आणि शिकवलेल्या पेशींनी तेवढेही ओळखले, असा निष्कर्ष निघाला. अर्धवट ओळख ही अनोळखीपेक्षा घातक ठरू शकते. त्यानंतर दोन खुणा एकदम पटल्या तरच चेतणाऱ्या, किंवा गरज पडल्यास बंद करता येतील अशा पेशी घडवण्याकडे संशोधन वळले आहे.

मग तोवर आपल्या माणसांनी काय करायचे? याचे उत्तरही ओळखीतच आहे आणि ते महाराष्ट्रानेच जगाला दिले आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या मदतीने तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील खेड्यांत १ लाख ३१ हजारांवर स्त्रियांचा अभ्यास झाला. विषाणूची एकच तपासणी केलेल्या स्त्रियांच्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, हे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलने १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांमध्ये याहूनही साधा मार्ग पारखला. थोड्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी व्हिनेगरचा बोळा लावून पांढरा पडणारा भाग डोळ्यांनी पाहायचा, एवढाच. मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे २०१३ मध्ये जाहीर झाले. तुलनेच्या गटातील स्त्रियांना तपासणीविना ठेवल्याबद्दल या अभ्यासांवर टीकाही झाली आणि ती दुर्लक्षण्याजोगी नाही. पण एक गोष्ट सिद्ध झाली : लाखो रुपयांच्या पेशी जे काम शरीरात शिरून करतात, त्यातले बरेचसे काम वेळेत पाहणारा शिकवलेला डोळाही करतो.

कर्जतहून खारघर हे अंतर पाहू गेल्यास काहीच नाही. चौकमार्गे पनवेलला जाणारा रस्ता आहे, रेल्वेचा मार्गही आहे. दादरला उतरून परळ गाठायला लागणाऱ्या दोनेक तासांपेक्षा ते जवळच. पण ठाकर किंवा कातकरी वाडीवरची बाई तोंडातला पांढरा चट्टा घेऊन तिथे पोचेपर्यंत बहुतेकदा वर्ष उलटते. चट्टा दुखत नाही म्हणून, मजुरी बुडते म्हणून, आणि नाव घ्यायची भीती म्हणून. टी पेशींना जशी ओळख नसते, तशीच ती आपल्यालाही नसते. 'टाटाला नेलंय' हे वाक्य या भीतीचेच मराठी रूप आहे. नाव न घेण्यात माया असते, हे मान्य. पण ज्याचे नाव घ्यायचे नाही त्याची ओळख कशी पटणार?

त्या विद्यार्थिनीला मी नंतर एवढेच सांगितले, की तुझ्या मामांची शक्ती कमी पडली नव्हती. त्यांच्या शरीराला ओळख पटली नाही आणि त्यात त्यांचा काही दोष नव्हता. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे आजीला सांगायला हवं. ती अजून म्हणते, आम्ही त्याला नीट खाऊ घातलं नाही."

एका शब्दाने एका म्हातारीवर किती वर्षे ओझे ठेवले होते, ते मला तेव्हा कळले.